छातीवर बसणारं 'भूत' आणि रात्रपाळीची मोडकी झोप

पारावर दहा माणसं बसली आणि बोलता बोलता विषय भुताखेतांवर गेला की एक किस्सा हमखास निघतो. "मला तर एकदा झोपेत दाबलं होतं," असं कोणीतरी म्हणतो आणि बाकीचे सरसावून बसतात. किस्सा साधारण एकच असतो. माणूस उताणा झोपलेला. एकाएकी जाग येते. डोळे उघडे असतात, वरचे पत्रे दिसतात, गोठ्यातल्या म्हशीच्या साखळीचा आवाज येतो, शेजारी लेकरू झोपलंय तेही कळतं. पण हात उचलावा तर उचलत नाही. हाक मारावी तर जीभ वळत नाही. तेवढ्यात दारातून काळं काहीतरी आत येतं, जवळ सरकतं आणि छातीवर चढून बसतं. श्वास कोंडतो. आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. आणि मग एकदम सगळं सुटतं. माणूस घामाघूम होऊन उठून बसतो, तर दाराची आतली कडी लावलेली तशीच असते.

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांनी हे भोगलं असेल आणि घरात कोणाला सांगितलं नसेल. गडीमाणसाला 'भ्यालो' म्हणायची लाज वाटते. बाईमाणसाने सांगितलं तर 'हिला लागीर झालं' म्हणून आळीभर बोभाटा होतो. त्यामुळे गोष्ट मनातच राहते आणि मनात राहिली की वाढते. पुढच्या अमावस्येला झोपायच्या आधीच धडधड सुरू होते.

तेव्हा आधी एक गोष्ट लक्षात घ्या. असा किस्सा सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला जे दिसलं ते खरोखर दिसलेलं असतं, छातीवरचा भार त्याने खरोखर सोसलेला असतो. त्याला हसू नका. मात्र तो भार भुताचा नसतो, मुंज्याचा नसतो आणि शेजारणीने केलेल्या करणीचा तर मुळीच नसतो. डॉक्टर लोक त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात, मराठीत निद्रा-पक्षाघात. नावात पक्षाघात आहे म्हणून दचकायचं कारण नाही. आपण ज्याला लकवा म्हणतो त्याच्याशी याचं नातं नाही.

इंजिन चालू, गिअर न्यूट्रल

आपली झोप म्हणजे संध्याकाळी टाकी बंद केली आणि सकाळी उघडली, असा प्रकार नाही. रात्रभरात झोपेच्या चार-पाच फेऱ्या होतात. एक फेरी साधारण दीड तासाची. प्रत्येक फेरीत आधी गाढ झोप येते आणि नंतर एक वेगळीच झोप येते, जिच्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात. शिकागोच्या दोन संशोधकांनी, अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी, 1953 साली ही झोप प्रथम नोंदवली. ठळक, रंगीत, लांबलचक स्वप्नं बहुतेक याच झोपेत पडतात. पहाटेकडे या झोपेचा वाटा वाढत जातो, म्हणून पहाटेची स्वप्नं जास्त आठवतात.

आता विचार करा, स्वप्नात तुम्ही बैलामागे धावता, विहिरीत उडी मारता, भावकीतल्या एखाद्याच्या अंगावर काठी घेऊन जाता. खरोखर हातपाय तसे हलले तर काय होईल? शेजारी झोपलेल्याचं डोकं फुटेल. म्हणून निसर्गाने सोय करून ठेवली आहे. स्वप्नाची झोप लागली की मेंदूच्या देठातून मज्जारज्जूला निरोप जातो आणि अंगाचे बहुतेक स्नायू ढिले पडतात. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वास चालवणारा पोटावरचा पडदा तेवढे चालू राहतात. फ्रान्सच्या मिशेल जुव्हे यांनी 1959 साली मांजरांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. ट्रॅक्टरचं इंजिन चालू आहे पण गिअर न्यूट्रलमध्ये आहे, तसं समजा. इंजिन कितीही रेस करा, ट्रॅक्टर जागचा हलत नाही.

एरवी जाग येते तेव्हा मन आणि अंग दोन्ही बरोबरच जागे होतात. कधीतरी मात्र ताळमेळ चुकतो. मन जागं होतं, पण गिअर न्यूट्रलमध्येच अडकलेला असतो. काही सेकंद, फार तर काही मिनिटं. तेवढ्या वेळाला आपण 'दाबलं' म्हणतो. झोप लागता लागताही असं होऊ शकतं, पण बहुतेक वेळा ते जाग येताना होतं.

मग छातीवर ओझं कसलं? श्वास पोटाच्या पडद्यावर चालू असतो, पण बरगड्यांमधले स्नायू ढिले असतात. घाबरलेला माणूस मोठा श्वास ओढायला बघतो आणि छाती साथ देत नाही. मेंदूला त्याचा अर्थ एकच लागतो, की वरून कोणीतरी दाबतंय. आणि काळी आकृती? मन जागं झालं तरी स्वप्नाचा पिक्चर अजून थांबलेला नसतो. उघड्या डोळ्यांनी खरी खोली दिसते आणि त्याच खोलीत स्वप्नातलं माणूस येऊन उभं राहतं. त्यात मेंदूतली भीतीची जागा त्या वेळी फार तापलेली असते. अंग हलत नाही म्हटल्यावर ती जागा घातपाताचाच संशय घेते. म्हणून सहसा दिसतं ते वाईटच. कोणाला पावलांचा आवाज येतो, कोणाला कानाशी कुजबुज, कोणाला आपण खाटेवरून वर उचलले जातोय असं वाटतं. जगभरच्या लोकांच्या सांगण्यातून संशोधकांनी याचे तीन प्रकार लावले आहेत. खोलीत कोणीतरी आल्याचा भास, छातीवर बसल्याचा भास आणि तरंगल्याचा किंवा पडल्याचा भास. आपल्या पारावरच्या गप्पांत हे तिन्ही सापडतात.

हे शेतकऱ्यालाच का गाठतं?

शेतकऱ्यालाच गाठतं असं नाही. 2011 साली अमेरिकेत या विषयावरच्या अनेक पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला गेला. त्यात सर्वसाधारण लोकांपैकी 7.6 टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला निघाला. विद्यार्थ्यांत मात्र हाच आकडा 28.3 टक्के होता. विद्यार्थ्यांमागे काही भुतं जास्त लागत नाहीत. मोडकी झोप आणि मनावरचा ताण या दोन गोष्टींचा या प्रकाराशी जवळचा संबंध आहे, आणि कॉलेजच्या पोरांकडे दोन्ही भरपूर.

आता या दोन गोष्टी आपल्या शिवारात कोणाच्या वाट्याला येतात ते मी सांगायला नको. शेतीपंपाची लाईट पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस नऊला पडतो, बाराला गजर होतो, हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरं टाकून दारं धरायला निघतो (कुठे याला बारं देणं म्हणतात). तासा-दोन तासांनी येऊन बांधावर नाहीतर मोटारीच्या खोलीत घोंगडं टाकून आडवा होतो. पुन्हा उठतो. पुढच्या आठवड्यात पाळी बदलली की शरीराचं घड्याळ पुन्हा उलटं. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरांसाठी माळ्यावरची राखण असते. गळीत हंगामात पहाटे तीनला कोयता घेऊन कोपीतून निघणारी जोडपी, कारखान्यावर नंबर लागेपर्यंत गाडीतच डुलकी काढणारा ड्रायव्हर, पाच वाजता डेअरीचं दूध घालायचं म्हणून साडेतीनला उठणारी घरची बाई. यातल्या कोणाची झोप सलग आहे?

जपानमध्ये 1992 साली एक प्रयोग झाला. 16 निरोगी माणसांना रात्रीच्या झोपेतून ठरावीक वेळी उठवलं, 60 मिनिटं जागं ठेवलं आणि पुन्हा झोपू दिलं. दहापैकी सात वेळा असं दिसलं की पुन्हा डोळा लागताच गाढ झोपेऐवजी थेट स्वप्नाची झोप सुरू झाली. आणि अशा सगळ्या उठवणुकींत मिळून सहा वेळा या लोकांना तेच झालं, जाग आहे पण अंग हलत नाही. ना तिथे पिंपळ होता ना अमावस्या पाळली होती. जे जपानी डॉक्टरांनी प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलं, ते आपल्याकडे मोटारीच्या वेळापत्रकाने आठवड्याच्या आठवड्याला घडत असतं.

दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. ज्यांच्या वाहिनीला दिवसाची वीज मिळाली ते सुटले. ज्यांच्या वाट्याला अजून रात्रपाळी आहे त्यांनी ग्रामसभेत हा विषय काढताना साप आणि बिबट्याच्या जोडीला झोपेचाही मुद्दा मांडायला हरकत नाही. झोप म्हणजे चैन नव्हे.

नाव बदलतं, बसणं तेच

गंमत अशी की हे 'भूत' प्रत्येक मुलखात त्या त्या मुलखाचा वेष करून येतं. जपानी लोक त्याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे धातूच्या बंधनाने जखडणं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर छातीवर एक म्हातारी येऊन बसते. थायलंडमध्ये 'फी आम' नावाचं भूत. आपल्याकडे ज्याच्या घराजवळ पिंपळ त्याला मुंजा दिसतो, कोकणाकडे आणखी कोणी. भूत खरं असतं तर न्यूफाउंडलंडची म्हातारी एखादेवेळी आपल्या तालुक्यात चुकून आली असती!

पण भुतावरच्या विश्वासाने एक खरा फरक पडतो. डेन्मार्क आणि इजिप्त या दोन देशांतल्या लोकांची तुलना करणारा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. इजिप्तमध्ये हा प्रकार अनेकजण जिन्नाचं काम मानतात. तिथल्या लोकांना तो जास्त वेळा झालेला आणि जास्त वेळ टिकलेला आढळला, आणि यातच आपण मरणार ही भीतीही त्यांच्यात जास्त होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हा. भीतीने झोप मोडते आणि मोडक्या झोपेने पुन्हा तेच होतं. देवऋषाने 'तीन अमावस्या जपा' सांगितलं की माणूस तीन महिने धड झोपत नाही. मग होणार काय?

झालंच तर काय करायचं

पहिलं म्हणजे झगडायचं नाही. सगळं अंग एकदम उचलायला गेलात तर भीतीच वाढते. श्वास आपोआप चालू आहे, तो बंद पडणार नाही, हे मनाला सांगा. मग पायाचा अंगठा किंवा हाताची करंगळी, एवढंच हलवायच्या मागे लागा. बुबुळं हलतात, ती इकडेतिकडे फिरवा. समोर काय दिसतंय तिकडे बघत बसू नका. देवाचं नाव घ्यायची सवय असेल तर मनातल्या मनात जरूर घ्या, मन थाऱ्यावर येतं. सुटल्यावर लगेच त्याच कुशीवर, त्याच उताण्या अंगाने पुन्हा झोपू नका, कारण लागलीच दुसरा झटका यायचा संभव असतो. उठून बसा, दिवा लावा, चूळ भरा, पाणी प्या.

घरच्यांनी एवढं करावं. शेजारचं माणूस डोळे उघडे ठेवून कण्हतंय, श्वास जोरात चाललाय पण बोलत नाही, असं दिसलं तर खांद्याला हात लावून नावाने हाक मारा. पुष्कळदा स्पर्शानेच सुटका होते. आरडाओरडा करून आळी गोळा करायची गरज नाही, आणि तोंडात पाणी तर अजिबात ओतू नका.

वारंवार होत असेल तर उताणं झोपणं सोडा, कुशीवर झोपा. उताण्या झोपेत हा प्रकार जास्त होतो. रात्री पाण्याची पाळी असेल तेव्हा दुपारी अंधाऱ्या खोलीत झोपेची भरपाई करा, आणि त्या वेळात मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. पाळी आळीपाळीने भावांत वाटून घेता आली तर उत्तमच. झोप यावी म्हणून दारूचा घोट घेणाऱ्यांसाठी खास सांगणं, की दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण तिचा अंमल उतरला की पहाटेची झोप पार विस्कटते. म्हणजे नेमकी तीच वेळ. बहुतेकांना औषध लागत नाही. आठवड्यातून अनेकदा होत असेल, किंवा दिवसा काम करता करता अनावर झोप कोसळत असेल, हसता-चिडताना एकदम गुडघे ढिले पडत असतील, किंवा घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर मात्र डॉक्टरला दाखवा. हे झोपेचे वेगळे आजार आहेत आणि त्यांना उपचार आहेत. मनावर कर्जाचा, घरच्या भांडणाचा फार भार असेल तर 14416 हा सरकारी टेलिमानसचा फोन आहे, पैसे पडत नाहीत.

आता यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. झोपेत दाबलं आणि मिनिटा-दोन मिनिटांत सुटलं, सुटल्यावर हातपाय पूर्वीसारखे चालले, तर तो निद्रा-पक्षाघात. पण पहाटे उठल्यावर पापण्या जड होऊन खाली पडतायत, एकाची दोन माणसं दिसतायत, थुंकी गिळवत नाही, पोटात दुखतंय, बोलणं घोगरं झालंय आणि हे कमी होण्याऐवजी वाढतंय, असं असेल तर ते भूत नाही आणि निद्रा-पक्षाघातही नाही. ती मण्यार असू शकते. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचा चावा अनेकदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही सापडत नाही. 'साप दिसला नाही, मग चावला कसा?' या वादात आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यात तास जातो, तेवढ्यात श्वासाचे स्नायू बंद पडतात. अशा वेळी 108 ला फोन करा आणि जिथे सर्पदंशाची लस आणि श्वास चालवायची सोय आहे तिथे न्या. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, छातीत कळ येऊन घाम फुटला, तरी रस्ता दवाखान्याचाच. मळ्यात आणि कोपीत झोपणाऱ्यांनी शक्यतो बाजेवर झोपावं आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी.

सरपंच, पोलीस पाटील यांच्यासाठी

पोलीस पाटलांनी, सरपंचांनी आणि ग्रामसेवक भाऊंनी (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं तरी गावाच्या तोंडी ग्रामसेवकच) पुढचं वाचावं. 'दाबलं' हा प्रकार एका माणसापुरता राहिला तर फार तर एक कोंबडं आणि पाचशे रुपये जातात. तो दुसऱ्या माणसावर गेला की अनर्थ होतो. 'मला रात्री अमकीचा चेहरा दिसला', एवढ्या एका वाक्यावर एखाद्या विधवेला, एकट्या म्हातारीला करणीवाली, डाकीण ठरवलं जातं. चेहरा ओळखीचा दिसणारच. स्वप्नाला माणसं आपल्याच आळीतली मिळतात, आणि ज्याच्याशी बांधाचं भांडण आहे त्याचं तोंड आधी पुढे येतं.

20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्याच महिन्यात राज्य सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, चटके देणं, हे सारं त्यात गुन्हा आहे. कोणी करणी करतं, कोणात सैतान आहे असं सांगून त्या माणसाचं जगणं अवघड करणं हाही गुन्हा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं, हेही त्यात आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. घरची पूजा, वारी, कीर्तन, भजन यांना हा कायदा हात लावत नाही, हेही गावात सांगा, नाहीतर 'देवधर्म बंद करायला निघाले' म्हणून ओरड करणारे तयारच असतात.

गावात अशी कुजबुज सुरू झाल्याचं कानावर आलं की मारहाणीची वाट बघू नका. आधी त्या दाबल्या गेलेल्या माणसाकडे आशाताई किंवा उपकेंद्राच्या आरोग्य अधिकाऱ्याला घेऊन जा आणि त्याला विचारा, गेल्या पंधरवड्यात तू किती वाजता झोपलास, किती वेळा उठलास, दारं कोणी धरली. नंतर जिच्याकडे बोट दाखवलं जातंय त्या घरी स्वतः जा, चारचौघांना दिसेल असं ओसरीवर बसा, चहा घ्या. देवऋषी बोलावल्याची, उतारा ठरवल्याची बातमी असेल तर दिवस, वेळ, जागा आणि हजर माणसांची नावं कागदावर टिपून ठाण्याला कळवा. या कायद्यासाठी नेमलेला दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसतो. त्याचं नाव आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, 108 च्या शेजारी, आजच लिहून घ्या.